जुन्या कॅम्पर व्हॅनला खडबडीत कवच. मात्र आधी गंज काढा

ब्रिटनमधील जुन्या फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गंज. पाऊस आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ यामुळे चाकांवरील व दारांखालील पत्रा पोखरला जातो. त्यामुळे काही मालक चकचकीत रंगाऐवजी खरखरीत पॉलियुरेथेन लेप पसंत करतात.

हा लेप मूळचा पिकअप ट्रकच्या हौद्यासाठीचा. 'रॅप्टर' हे त्यातील परिचित नाव. तीन भाग लेपात एक भाग हार्डनर मिसळला की रासायनिक क्रियेने जाड, चिवट थर तयार होतो. फवारणीचा दाब कमी ठेवल्यास पोत भरड येतो, वाढवल्यास बारीक. या पोतामुळे किरकोळ ओरखडे झाकले जातात.

नेमका येथेच धोका आहे. गंजावरच लेप दिल्यास ओल आत अडकते आणि पत्रा नजरेआड सडत राहतो. म्हणून सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे, पृष्ठभाग घासून तेलकटपणा पुसणे आणि उघड्या धातूवर प्रायमर लावणे आवश्यक ठरते.

दुसरा धोका फवारणाऱ्याला. हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. त्यापासून धुळीचा साधा मास्क वाचवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा.

गाडीचा रंग बदलल्यास तेथील वाहन नोंदणी यंत्रणेला कळवणेही बंधनकारक आहे.

थोडक्यात, कवच टिकाऊ असले तरी त्याचे आयुष्य खालच्या पत्र्यावरच अवलंबून असते.