सौम्य अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या लहान शाळा आणि सिरसाळा परिसर : एक विवेचन

प्रस्तावना :
बुद्धिमत्ता सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या कौशल्यात विद्यार्थी सातत्याने मागे राहतो, तेव्हा त्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याची शक्यता असते. ही अक्षमता सौम्य असेल, तर ती सहसा लक्षात येत नाही. विद्यार्थ्यास आळशी अथवा ‘ढ’ ठरविले जाते. अशा विद्यार्थ्यांसाठी जगात काही लहान शाळा उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या कार्यपद्धतीतील कोणता भाग परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी उपयुक्त ठरेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लहान शाळांची कार्यपद्धती :
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७१ साली लँडमार्क स्कूल सुरू झाले. मुंबईत २०१२ साली द गेटवे स्कूल ऑफ मुंबई स्थापन झाले. अशा शाळांत वर्गातील विद्यार्थिसंख्या अल्प असते आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र अध्ययन आराखडा तयार केला जातो. वाचन शिकविण्याच्या अशा अनेक पद्धतींचे मूळ सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत आहे. अक्षर डोळ्यांनी पाहणे, त्याचा ध्वनी उच्चारणे व ते हाताने गिरविणे या तिन्ही क्रिया तीत एकत्र होतात. सोप्याकडून कठिणाकडे लहान पायऱ्यांनी जाऊन प्रत्येक पायरीची उजळणी केली जाते. या शाळांचे शुल्क ग्रामीण पालकांच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी ही पद्धती महागड्या साधनांवर अवलंबून नाही.

मराठी लिपी व स्थानिक परिस्थिती :
तथापि ही पद्धती जशीच्या तशी उचलता येत नाही. इंग्रजी वाचनातील चुकांच्या याद्या देवनागरीस पुरेशा ठरत नाहीत. ‘कि’ मधील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. ‘वर्ग’ मधील रफार ‘ग’ वर दिसतो, मात्र त्याचा उच्चार ‘ग’ पूर्वी होतो. जोडाक्षरांची भर वेगळीच. म्हणून निरीक्षणसूची मराठीतूनच तयार व्हावयास हवी.

दुसरी अडचण सामाजिक आहे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. मुले सोबत गेल्यास त्यांची शाळा अनेक महिने तुटते. शाळा बुडाल्यामुळे आलेले मागासलेपण म्हणजे अध्ययन अक्षमता नव्हे. परंतु खरी अक्षमताही ‘शाळा बुडाली’ या कारणाखाली झाकली जाते. नियमित उपस्थिती व योग्य अध्यापन मिळूनही तीच अडचण टिकते काय, हे पाहिल्यास हा भेद स्पष्ट होऊ लागतो.

कायदेशीर तरतुदी :
१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्यातील कलम १६ नुसार बालकांमधील ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शैक्षणिक उपाय योजणे अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कलम ३२ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. सौम्य अक्षमता असलेला विद्यार्थी येथे वगळला जातो. त्याचा आधार एकच उरतो, तो म्हणजे त्याचा शिक्षक.

प्राध्यापकांची भूमिका :
असा विद्यार्थी निदानाविनाच पदवी वर्गात पोहोचतो. तोंडी उत्तर उत्तम, पण उत्तरपत्रिका विस्कळीत, ही विसंगती प्राध्यापकांनी टिपावी. सूचना तोंडी व लेखी अशा दोन्ही प्रकारे द्याव्यात, अंतर्गत मूल्यमापनात मौखिक परीक्षेस स्थान द्यावे आणि पाच-सहा विद्यार्थ्यांचे वाचनगट चालवावेत. शिक्षकाने स्वतः निदान करू नये. त्यासाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेता येईल.

निष्कर्ष :
लहान शाळांचे सामर्थ्य त्यांच्या इमारतीत वा नावात नसून प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे पाहण्याच्या दृष्टीत आहे. सिरसाळ्यात अशी स्वतंत्र शाळा उभी राहण्याची वाट न पाहता विद्यमान वर्गातच ही दृष्टी रुजविणे शक्य आहे. तसे न झाल्यास एक सक्षम विद्यार्थी स्वतःला असमर्थ समजून शिक्षण सोडून जाईल, आणि त्याच्या गळतीची नोंद केवळ ‘अनुत्तीर्ण’ या शब्दाने होईल.