अठरा पूर्ण? इच्छा जमा करा!

डिस्नेला 2023मध्ये शंभर वर्षं झाली. त्या मुहूर्तावर आलेला 'विश' बघताना एकच वाटत राहतं, अरे, गोष्ट हातात होती की!

रोसास नावाचं राज्य. इथे अठरा वर्षांचं झालं, की मनातली सगळ्यात मोठी इच्छा मॅग्निफिको राजाकडे जमा करायची आणि विसरून जायची. एखादीच तो पुरी करतो. आशाचे शंभरीतले आजोबा अजून वाटच बघतायत. 'तुमच्या भल्यासाठीच सांभाळतोय' असा राजाचा आव. काय भारी व्हिलन!

गडचिरोलीकरांना तर तो ओळखीचाच वाटावा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जंगल उशाशी, पण बांबूवर हक्क वनखात्याचा. बांबू जायचा बल्लारपूरच्या कागद कारखान्याला. 2006च्या वनहक्क कायद्यानंतर 2009मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना अडलाच. 27 एप्रिल 2011ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तारा वगैरे काही पडला नव्हता. वर्षानुवर्षं बैठका, तेही सगळ्यांचं एकमत होईपर्यंत.

'विश' मात्र ऐन वेळी कच खातो. राजा काळ्या जादूचं पुस्तक उघडतो, सरळ दुष्ट होतो आणि 'भल्यासाठी'चा प्रश्नच मिटतो. मग बोलणारा बोकड, गाणारे प्राणी, जुन्या डिस्नेपटांच्या आठवणी. वॉटरकलरसारखी चित्रं सुंदर, पात्रं सपाट. शेवटी अख्खं राज्य एकत्र येतं खरं, पण एका गाण्यात! धाकट्या भावंडांना दाखवायला हरकत नाही. दीड तासाचाच आहे.