पंधरा मिनिटांचा समुद्र

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की घोटावडे फाटा, माण, हिंजवडी, पिरंगुट या पट्ट्यातून शुक्रवारी रात्री निघणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच मालवणच्या असतात. कंपनीतला ग्रुप, सोसायटीतली चार कुटुंबं, नाहीतर नुकतंच लग्न झालेलं जोडपं. मुळशी धरणाचं एवढं पाणी उशाशी असताना ही मंडळी पावणेचारशे किलोमीटर दूर जातात ती स्कुबासाठी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरायचं, प्रवाळ आणि रंगीत मासे बघायचे, व्हिडिओ काढून घ्यायचा आणि सोमवारी ऑफिसात दाखवायचा.

दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवर सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते. ते बघून कुणालाही वाटेल की इथले स्कुबावाले बक्कळ कमावत असणार. पण आडहंगामात गेलं तर वेगळं दिसतं. फलक आहे पण शटर खाली आहे, होडी विकायला काढली आहे, गेल्या वर्षी स्वतःचं दुकान चालवणारा पोरगा आता दुसऱ्याकडे रोजावर गाइड आहे. एवढी गर्दी असूनही छोटा दुकानदार टिकत नाही, आणि त्याचं कारण या धंद्याच्या घडणीतच आहे.

जाळ्याकडून सिलिंडरकडे

मालवणचा समुद्र सरकारदप्तरी महत्त्वाचा ठरला तो १९८७ मध्ये. त्या वर्षी सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांना ते कधीच रुचलं नाही. आपल्या पोटावर पाय येणार ही भीती होती आणि विरोधही बरीच वर्षं चालला. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कुबाचं प्रशिक्षण मिळालं. प्रवाळ राखला तर त्यावरही घर चालू शकतं, ही कल्पना त्यातून रुजली. २०१५ मध्ये एमटीडीसीने तारकर्लीला स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता.

त्याच काळात पारंपरिक मासेमारीची कंबर मोडत होती. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी उपसली जात असल्याची, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांची तक्रार जुनीच होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटला नाही. अशा वेळी गाबीत या मच्छीमार समाजातल्या पोरांना स्कुबा हा दुसरा आधार दिसला. होडी घरची होती, पाण्याची भीती नव्हती आणि कुठल्या खडकाजवळ कोणता मासा असतो हे ठाऊक होतं. भांडवल तेवढं नव्हतं. ते कर्जाने आलं, आणि हप्ते त्याच दिवसापासून सुरू झाले.

दुकानात काय काय असतं

एका छोट्या दुकानाची मागची बाजू बघू. पडवीत कॉम्प्रेसर असतो. साधी हवा गाळून, कोरडी करून तो सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने भरतो. गिऱ्हाईक ज्याला 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतं त्यात असते ही आपलीच रोजची हवा. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण २,२०० लिटर मावते. कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा पाइप डिझेल इंजिनाच्या धुराजवळ असला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइडही सिलिंडरमध्ये जातो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून पाइप कुठे ठेवला आहे आणि फिल्टर कधी बदलला, याला फार महत्त्व असतं.

सिलिंडरची ठरावीक वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि तिची तारीख त्याच्या खांद्यावर ठोकलेली असते. तोंडात धरायचा रेग्युलेटर रोज गोड्या पाण्याने धुवावा लागतो, त्याचे वॉशर बदलावे लागतात, वरचेवर सर्व्हिसिंग करावं लागतं. खाऱ्या हवेत धातू टिकत नाही आणि बरंचसं साहित्य परदेशी बनावटीचं असल्याने सुटा भागही महाग पडतो. याशिवाय होडीचं डिझेल, तांडेल, गाइड, लाइफ जॅकेट, विमा आणि मेरिटाइम बोर्डाची परवानगी.

यातला एकही खर्च गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला दिसतो फलक, दर आणि व्हिडिओ. त्यामुळे हात आखडायची वेळ आली की दुकानदार पहिली काटछाट करतो ती न दिसणाऱ्या जागी.

नऊ महिन्यांत बारा महिने

२६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. सप्टेंबरमध्ये परवानगी मिळते, पण पाणी निवळायला दसरा उजाडतो. पाण्याखालचं नीट दिसतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नंतर वारे फिरतात आणि दुपारनंतर समुद्र खवळायला लागतो. कागदावरच्या नऊ महिन्यांतून उधाणाचे, गढूळ पाण्याचे आणि मधल्या वारांचे रिकामे दिवस वजा केले तर दिवाळी, नाताळ आणि मे एवढीच खरी कमाई उरते.

त्यातली एक दिवाळी बुडाली की काय होतं, हे २०१९ मध्ये दिसलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार चक्रीवादळाने किनारा झोडपला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं आणि होड्या, छपरं, माड घेऊन गेलं. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपायला दोन दिवस असताना, तारकर्लीत स्कुबाहून परतणारी २० पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मोठ्या हॉटेलवाल्याला अशी तीन वर्षं अंगावर घेता येतात. दोन होड्या आणि एक कॉम्प्रेसर असलेल्या घराला दागिने गहाण ठेवावे लागतात.

पुन्हा न येणारं गिऱ्हाईक

जगभरातली डाइव्हची दुकानंही आज अडचणीत आहेत, पण त्यांचं दुखणं निराळं आहे. तिकडे दुकान अनेक पायांवर उभं असतं: कोर्स शिकवायचा, साहित्य विकायचं, सिलिंडर भरून द्यायचे, दुरुस्ती करायची, सहली काढायच्या. साहित्याची विक्री ऑनलाइन गेली आणि त्यातला एक पाय लंगडा झाला. पण एकदा शिकलेला माणूस सिलिंडर भरायला, नवा कोर्स करायला पुन्हा पुन्हा त्याच दुकानात येतो.

मालवणला असा पाय एकच आहे, तो म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची नवख्यांची डुबकी. गाइड मागून धरून नेतो, गिऱ्हाइकाला पोहता येत नसलं तरी चालतं. ते एकदा येतं, हौस फिटते आणि पुढच्या वर्षी मनालीला जातं. जे परत येणार नाही, त्याला चांगलं काम आणि कामचलाऊ काम यांतला फरक कळणार कसा? तुलनेला दुसरा अनुभवच नसतो. मग ते किनाऱ्यावर उतरल्यावर एकच प्रश्न विचारतं, "रेट किती?"

शेजारच्याने शंभर कमी सांगितले की आपणही कमी करायचे. त्यात रिक्षावाला, लॉजवाला, मोबाइलवरचा एजंट यांचं कमिशन. हातात उरलेल्या पैशांत फिल्टर वेळेवर बदलणारा दुकानदार तोट्यात जातो आणि न बदलणारा तगतो.

दहा मीटरचं शास्त्र

"आम्ही कुठे खोल जातो?" हा युक्तिवाद किनाऱ्यावर सर्रास ऐकू येतो. पण दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या खोलीवर फुप्फुसात भरलेली सहा लिटर हवा, श्वास रोखून वर आलं तर बारा लिटर व्हायला बघते. फुप्फुस तेवढं ताणत नाही. म्हणून पाण्यात श्वास कधीच रोखायचा नाही, हा स्कुबाचा पहिला नियम. नवखा माणूस घाबरला की नेमकं हेच करतो आणि वर धाव घेतो. त्या क्षणी त्याला खाली धरून, डोळ्यांत बघून शांत करणारा गाइड लागतो. असा गाइड घडायला वर्षं लागतात आणि दर पाडून तो ठेवता येत नाही. त्याला गोव्यात किंवा अंदमानात जास्त पगार मिळतो.

पुढचं पाणी

आता निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' हे जहाज समुद्रतळाशी बसवून त्याचं पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा सरकारी प्रकल्प आहे. जहाजाभोवती मासे आणि प्रवाळ जमतील, शिकलेले डाइव्हर येतील. ते पुन्हा येणारे असतील, एकट्या दरावर न भांडणारे असतील. मालवणला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं आहे. मात्र त्यासाठी किनाऱ्यावरच्या पोरांना पुढचे कोर्स परवडायला हवेत. सिलिंडर तपासणी आणि सर्व्हिसिंगची सोय जिल्ह्यातच व्हायला हवी. एकट्याला न झेपणारा चांगला कॉम्प्रेसर पाच-सहा जणांनी मिळून घ्यायला हवा. आणि किमान दर सर्वांनी मिळून ठरवून पाळायला हवा. रापणीत सगळे मिळून जाळं ओढतात आणि वाटणीही करतात, हे या किनाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. यातलं काही झालं नाही, तर 'गुलदार'चा फायदा बाहेरून येणाऱ्या मोठ्या कंपन्या घेतील आणि स्थानिक पोरगा त्यांच्या होडीवर खलाशी राहील.

राहता राहिलो आपण, घाटावरचं गिऱ्हाईक. या दिवाळीत मालवणला गेलात तर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. परवाना दाखवाल का? सिलिंडरवरची चाचणीची तारीख कोणती? गाइड कुठे शिकला, आणि एका गाइडमागे किती जण उतरतात? दम्याचा, हृदयाचा, कानाचा त्रास आहे का, हे तुम्ही मला विचारणार की नाही? जो वैतागेल त्याच्याकडून निघा. जो पडवीत नेऊन कॉम्प्रेसर दाखवेल, त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. होडीत बसताच लाइफ जॅकेट घाला. सर्टिफिकेट असलेल्यांनी दिवसात दोन-तीन डुबक्या मारल्या असतील तर त्याच संध्याकाळी गाडी काढू नका. डुबक्यांनंतर लगेच उंचावर जाणं धोक्याचं असतं. डायव्हिंगच्या नियमांत ३०० मीटरच्या वरचा भाग 'उंचावरचा' धरतात, घाटातली आंबोली ६९० मीटरवर आहे आणि आपलं घोटावडंही त्या रेषेच्या बरंच वर आहे. रात्रभर मुक्काम करा, सोलकढी प्या, सकाळी निघा. त्या मुक्कामाचे पैसेही मालवणातच राहतील.