अवकाशकालाच्या मिती चार की दोन?

आइनस्टाइनच्या अवकाशकालाला मिती चार: लांबी, रुंदी, उंची आणि काळ. अतिसूक्ष्म पातळीवर मात्र हा आकडा दोनच्या आसपास येतो, असं क्वांटम गुरुत्वावरचं काही संशोधन सुचवतं. त्याविषयीचे हे चार गैरसमज.

गैरसमज : मिती म्हणजे दिशा, त्या मोजल्या की झालं.

वस्तुस्थिती : मिती मापूनही काढता येते. तळा गावच्या तळगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. एखाद्या टाक्याची लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट केली तर पाणी आठपट मावेल. 2 चा घन 8, म्हणून मिती 3. माप वाढवल्यावर आकारमान कोणत्या घातानं वाढतं, यावरून ठरते ती परिणामी मिती. ती अपूर्णांकातही येऊ शकते.

गैरसमज : सूक्ष्मात शिरलं की मिती वाढतात.

वस्तुस्थिती : गुंडाळलेल्या जादा मिती स्ट्रिंग सिद्धान्तातल्या. इथं उलटं घडतं. 2005 मध्ये आम्ब्यॉर्न, युर्कीएविच आणि लोल यांनी चिमुकले तुकडे जोडून संगणकावर अवकाशकाल घडवला आणि त्यात वाट फुटेल तिकडे भटकणारा कण सोडला. तो सुटल्या जागी परतण्याची शक्यता किती, यावरून मिती काढली. लांबच्या पल्ल्यावर ती 4.02 भरली, अगदी जवळच्या पल्ल्यावर सुमारे 1.80.

गैरसमज : म्हणजे दोन दिशा गळून पडतात आणि जग कागदासारखं चपटं होतं.

वस्तुस्थिती : कुठलीच ठरावीक दिशा नाहीशी होत नाही, बदलतो तो आकारमान वाढण्याचा नियम. पुण्याच्या ‘आयुका’तले टी. पद्मनाभन यांनी सुमंत चक्रवर्ती आणि दाऊद कोठावाला यांच्यासह 2015 मध्ये हेच गणितानं मांडलं. दोन बिंदू कितीही जवळ आणले तरी त्यांच्यातलं अंतर प्लांक लांबीच्या आसपासच्या एका किमान लांबीखाली जात नाही, हे त्यांचं गृहीत. मग मोठ्या मापावर आकारमान लांबीच्या चौथ्या घातानं वाढतं, त्या किमान लांबीजवळ वर्गानं. मध्ये कुठे पायरी नाही. मिती 4 वरून 2 पर्यंत सलग उतरते.

गैरसमज : हे आता सिद्ध झालंय.

वस्तुस्थिती : प्लांक लांबी सुमारे 1.6 × 10⁻³⁵ मीटर. प्रोटॉन तिच्याहून जवळपास 10²⁰ पटींनी मोठा. तिथवर कुठलाही कणत्वरक पोहोचत नाही. वर सांगितलेल्या दोन गटांची गृहीतकं वेगळी, मिती मोजण्याची रीतही वेगळी, तरी उत्तर दोनच्या जवळ येतं. म्हणूनच अभ्यासक त्याकडे गांभीर्यानं पाहतात. पण गणितं जुळली म्हणून प्रयोगाची गरज सरत नाही.