कॉम्प्युटरचा कूलर : पैसे घालण्याआधी

कूलर म्हटला की आपल्या नागपूरकडे डोळ्यांसमोर येतो तो खिडकीला लावलेला, पाणी भरायचा कूलर. त्यामुळे शेजारच्या ताई दुकानातून परत येऊन ‘कॉम्प्युटरला नवा कूलर लागेल म्हणतात, चोवीसशे रुपये’ असे म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी विचारले, ‘त्यात पाणी कोण भरणार?’

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ताई चार घरची धुणीभांडी करतात. पॉलिटेक्निकला असलेल्या मुलीसाठी त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला; आत इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, २०१३ सालचा. मे महिना लागला आणि काम करता करता तो आपोआप बंद पडू लागला. प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस उरले होते.

आम्ही दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला घेऊन गेलो. त्याच्याकडचा उंच ‘टॉवर’ कूलर दोन दिवसांसाठी मागून घेतला. ठरवले, आधी मोजू, मग बोलू.

हा प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की ८४ वॉटपर्यंत उष्णता टाकतो. जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा थोडी कमी, पण ती नखाएवढ्या तुकड्यातून! सोबत येणारा कूलर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पात्यांची गोल चकती आणि वर पंखा. टॉवरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात. आत थोडासा द्रव असतो; तळाच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती पात्यांकडे जाऊन थंड होते आणि पुन्हा द्रव होऊन खाली झिरपते. मात्र दोन्ही कूलर फेकतात ती खोलीचीच हवा. खोलीपेक्षा थंड ते काहीच करू शकत नाहीत. बावीस अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे वाचून टिनाच्या छपराखाली तीच अपेक्षा ठेवू नये. त्यात पंधरा-सोळा अंश मिळवावेत.

त्या दुपारी खोलीत ३७ अंश होते. अर्धा तास कसून काम दिले. प्रोसेसर ९९ अंशांवर गेला, आपला वेग कमी करू लागला आणि शेवटी कॉम्प्युटर बंद पडला. मग डबा उघडला. पात्यांत धुळीचा गोधडीसारखा थर. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट चुन्यासारखी वाळलेली. शिवाय कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक बसलेलीच नव्हती! दुकानात डबा उघडलाच नव्हता, असे मुलीने सांगितले. याचा आम्हाला राग आला, तो अजून गेलेला नाही.

प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी मटारच्या दाण्याएवढी लावली. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्या. पुन्हा अर्धा तास: ८६ अंश, आणि कॉम्प्युटर सुरू. मग टॉवर लावला: ६७.

आकड्यांत टॉवर सरळ जिंकला. खरे सांगायचे तर आम्हाला मोह झाला तो त्याच्या आवाजाचा, म्हणजे आवाज नसण्याचा. लहान पंखा जोरात फिरला की किंचाळतो. एकाच खोलीत मुलगी रात्री अभ्यास करते आणि ताईंना पहाटे पाचला उठायचे असते. पण टॉवर १५५ मिलिमीटर उंच. डब्याचे झाकण काही लागेना. म्हणजे चोवीसशे घालून वर नवा डबाही घ्यावा लागला असता. ताईंनी दीडशे रुपयांची पेस्ट घेतली आणि टॉवर परत गेला.

डब्यावरचे विणलेले झाकण काढायला लावले. ते हवा अडवत होते. भिंतीपासून तो वीतभर पुढे ओढला. संध्याकाळी पाण्याचा कूलर लावल्यावर खोली ३१ अंशांवर आली, तेव्हा प्रोसेसरही ८० वर उतरला. फक्त त्या ओल्या हवेचा झोत डब्यावर येऊ देऊ नये.

ज्यांना टॉवर घ्यायचाच आहे, त्यांनी आधी डब्याची आतली रुंदी पट्टीने मोजावी. सॉकेटचे नाव लिहून न्यावे. या प्रोसेसरच्या ११५० सॉकेटची भोके ७५ मिलिमीटरवर असतात, नव्या १७०० ची ७८ वर, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याला बसत नाही. आणि नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद बसवण्याआधी काढावा. तो तसाच राहिलेले कूलर आमच्या त्या मुलाने कितीदा तरी उघडून दिले आहेत.