एसीचा गॅस भरला, तरी पुन्हा गळती? मेकॅनिकला काडी कोणती वापरली ते विचारा

एसी किंवा फ्रीजमधला गॅस वापरून 'संपत' नाही. ती बंद यंत्रणा असते. गॅस कमी झाला, म्हणजे तो कुठून तरी गळतोय. मेकॅनिक येतो, गळती शोधतो, टॉर्चने नळीचा सांधा जोडतो, गॅस भरतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

गळतीची कारणं बरीच असू शकतात. पण दुरुस्त केलेला सांधाच पुन्हा गळत असेल, तर काडीकडे बघायला हवं.

नळ्या जोडायच्या या पद्धतीला ब्रेझिंग म्हणतात. यात नळी वितळत नाही. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात. काडी त्याच्या बरीच आधी वितळते आणि वातीत तेल चढावं तशी दोन नळ्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ओढली जाते. म्हणूनच वरून थापलेला जाड थर म्हणजे मजबूत जोड नव्हे.

आता काडी कोणती? तांब्याला तांबं जोडायचं असेल तर तांबं-फॉस्फरसची काडी. तिच्यात साधारण ७ टक्के फॉस्फरस असतो आणि ती ७१० अंशांच्या आसपास वितळायला लागते. फॉस्फरस स्वतःच तांब्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो, त्यामुळे वेगळा फ्लक्स लागत नाही. एका बाजूला पितळ असेल तर मात्र लागतो.

खरी गोची कंप्रेसरपाशी होते. फ्रीजच्या अनेक कंप्रेसरच्या नळ्या दिसतात तांब्याच्या, पण आत असतं स्टील, वर फक्त तांब्याचा मुलामा. लोखंड आणि फॉस्फरस एकत्र आले की सांध्यात ठिसूळ थर तयार होतो. त्या दिवशी जोड पक्का वाटतो, पण कंप्रेसर तर रोज थरथरणार! मग तिथे तडा जातो. ओळखायचं कसं? चुंबक लावा. चिकटला तर स्टील. तिथे चांदीची काडी आणि फ्लक्स, दोन्ही हवेत. ४५ टक्के चांदीची काडी महाग पडते, हे खरंय, पण सांध्याला ती लागते अगदी थोडी. पाकिटावर 'कॅडमियम फ्री' लिहिलंय का तेही बघा. कॅडमियमवाली काडी कमी तापमानाला छान वाहते, पण तिचा धूर फुप्फुसांसाठी जीवघेणा ठरू शकतो.

फ्लक्स म्हणून सोनाराकडचा टांकणखार चालेल का? तो नीट वितळायलाच ७४० अंशांच्या वर जावं लागतं, तोवर चांदीची काडी वितळलेली असते. त्यापेक्षा चांदीच्या काडीसाठीचा पेस्ट फ्लक्स बरा. तो पाण्यासारखा पारदर्शक झाला की काडी लावायची वेळ झाली. नंतर गरम पाण्याने धुऊन काढायचा, नाहीतर तोच नळी खातो.

टॉर्चबद्दल फार डोकं लावायला नको. पाव इंची नळीला एलपीजीचा साधा हँड टॉर्चही पुरतो. ऑक्सिजनवाल्या टॉर्चने काम झटपट होतं, पण पातळ नळीला भोक पडायलाही वेळ लागत नाही. ज्योत नळीवर धरायची, काडीवर नाही. काडी नळीच्या उष्णतेने वितळली पाहिजे.

एसीचं कॉइल ॲल्युमिनियमचं असेल तर यातलं काहीच चालत नाही. ते ६६० अंशांनाच वितळतं. त्याची काडी वेगळी, फ्लक्सही वेगळा.

मेकॅनिकने नायट्रोजनचा सिलिंडर आणला असेल तर त्याला काम कळतं असं समजा. ब्रेझिंग करताना नळीतून हळू नायट्रोजन सोडला नाही, तर आत काळी खपली धरते आणि ती पुढे कॅपिलरीत अडकते.

आणि नळीत गॅस असताना टॉर्च पेटवू देऊ नका. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो एलपीजीसारखाच पेट घेतो. एसीतला आर-३२ सुद्धा पेटू शकतो. आधी गॅस पूर्ण काढायचा, खिडक्या उघडायच्या, मगच ज्योत.