२८ नॅनोमीटरचा लांबलेला मुक्काम

९ जानेवारी २०१२ रोजी एएमडीचं रेडिऑन एचडी ७९७० हे ग्राफिक्स कार्ड दुकानांत आलं. तैवानच्या टीएसएमसी कंपनीने २८ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवलेली ही पहिली ग्राफिक्स चिप. त्याआधी ५५ नॅनोमीटरची पायरी २००७ मध्ये आणि ४० ची २००९ मध्ये चढून झाली होती. त्या चालीने २० नॅनोमीटरची ग्राफिक्स कार्डं २०१४ च्या सुमारास यायला हवी होती. ती आलीच नाहीत. पुढची पायरी गाठणारं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० हे १६ नॅनोमीटरचं कार्ड विक्रीला आलं २७ मे २०१६ रोजी. मधली चार वर्षं आणि साडेचार महिने दोन्ही कंपन्या २८ वरच मुक्काम ठोकून होत्या.

बरं, २० नॅनोमीटरची प्रक्रिया फसली म्हणावं, तर तसंही नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयफोन ६ मधली ॲपलची ए८ चिप टीएसएमसीच्या याच प्रक्रियेवर बनली आणि तिचं उत्पादन प्रचंड संख्येने झालं. फोनला जे जमलं ते ग्राफिक्सला का जमू नये? याचं उत्तर कळलं, की चिपचे रोडमॅप का कोलमडतात हेही कळतं.

पहिली अडचण गळतीची. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा स्विच. टीएसएमसीचे तोवरचे ट्रान्झिस्टर सपाट होते आणि त्यांचा प्रवाह वरून एकाच बाजूने रोखला जाई. आकार २० नॅनोमीटरच्या घरात आल्यावर ही पकड ढिली पडली. चावी घट्ट बंद करूनही नळ ठिबकत राहावा, तसा स्विच बंद असताना प्रवाह झिरपत राहतो. फोनची चिप दोन-चार वॉटवर चालते. तिथे हे सावरून घेता येतं. ग्राफिक्स चिपमध्ये मात्र अब्जावधी ट्रान्झिस्टर दीडदोनशे वॉटवर, वेगाने, तासन्तास काम करतात. तिथे आकार कमी करून वाचवलेली वीज गळतीतच जाणार असेल, तर सगळा खटाटोप कशासाठी?

दुसरी अडचण छपाईची. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, नक्षी उमटवतात ती १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा थर ठेवूनही एका छपाईत साधारण ८० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या रेघा नीट उमटत नाहीत. टीएसएमसीच्या २० नॅनोमीटर प्रक्रियेत तारांमधलं अंतर ६४ नॅनोमीटर होतं. त्यामुळे एकच थर दोन मास्क, म्हणजे नक्षीचे दोन साचे, वापरून दोनदा छापावा लागला, आणि दुसरी छपाई पहिलीवर काही नॅनोमीटरच्या आत नेमकी बसवावी लागली. मास्क वाढले, टप्पे वाढले, वेळ वाढला आणि प्रत्येक वेफरची किंमतही चढली.

तिसरी अडचण चिपच्या आकाराची. एक हिशेब मांडून पाहू. समजा, नवख्या प्रक्रियेत वेफरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे सरासरी अर्धा दोष आहे. ए८ चिपचं क्षेत्रफळ सुमारे ८९ चौरस मिलिमीटर. अशा शंभर चिपांपैकी साधारण ६४ निर्दोष निघतील. त्याच वेफरवर ४०० चौरस मिलिमीटरची ग्राफिक्स चिप छापली, तर शंभरात जेमतेम १३-१४ हाती लागतील. म्हणून मोठ्या चिपमध्ये सदोष भाग बंद करून उरलेली चिप विकण्याची सोय ठेवतात. २०१० मध्ये महिनोन्‌महिने उशिराने आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ४८० मध्ये ५१२ पैकी ४८० गाभेच, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे घटकच, चालू होते. हा ४० नॅनोमीटरचा चटका ताजा असताना २० ची जोखीम घेणं सोपं नव्हतं.

या सगळ्याचा फटका रोडमॅपला बसतो, कारण चिपचा आराखडा आखायला तीन-चार वर्षं लागतात. प्रक्रिया अजून प्रयोगशाळेतच असते, तेव्हाच डिझायनरला तिच्यावर डाव लावावा लागतो. ती घसरली, तर तेच डिझाइन उचलून जुन्या प्रक्रियेवर ठेवता येत नाही. मांडणी नव्याने करावी लागते. २० नॅनोमीटरसाठी आखलेली काही उत्पादनं पुढच्या प्रक्रियेकडे वळवताना एएमडीने २०१५ च्या दुसऱ्या तिमाहीत सुमारे ३.३ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला.

पण माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच आहे. आकार कमी होण्याची वाट बंद झाली, तेव्हा अभियंत्यांनी आहे त्याच ट्रान्झिस्टरांकडून जास्त काम काढून घेतलं. एनव्हिडियाने मॅक्सवेल या नव्या रचनेत १९२ गाभ्यांचा एक मोठा गट मोडून १२८ चा केला आणि त्याचे ३२-३२ चे चार स्वतंत्र भाग पाडले. त्यामुळे कामाची वाटणी सोपी झाली आणि गाभे रिकामे बसेनात. फेब्रुवारी २०१४ च्या जीटीएक्स ७५० टीआय कार्डात चिपवरची सामायिक कॅश मेमरी केप्लर या आधीच्या रचनेच्या छोट्या चिपमधल्या २५६ किलोबाइटवरून थेट २ मेगाबाइट केली. बाहेरच्या मेमरीकडे सारख्या चकरा मारण्यात वीज खर्ची पडते. त्या चकराच कमी झाल्या. हे कार्ड ६० वॉटवर, वेगळी वीजजोडणी न घेता चालत असे. त्याच वर्षी आलेलं जीटीएक्स ९८० हे २०१२ च्या जीटीएक्स ६८० पेक्षा कितीतरी वेगवान होतं आणि वीज घेत होतं १९५ ऐवजी १६५ वॉट. प्रक्रिया मात्र तीच, २८ नॅनोमीटर.

गळतीवरचा खरा इलाज फिनफेटने केला. त्यात प्रवाहाचा मार्ग पातळ भिंतीसारखा उभा करतात आणि त्याला तीन बाजूंनी आवळतात. टीएसएमसीची १६ नॅनोमीटर प्रक्रिया म्हणजे बऱ्याच अंशी २० नॅनोमीटरच्याच तारांच्या जाळ्यावर बसवलेले हे उभे ट्रान्झिस्टर. २० ची मेहनत अशी सत्कारणी लागली. तोवर कसदार झालेली रचना या ट्रान्झिस्टरांवर उतरली, म्हणूनच २०१६ ची झेप एवढी मोठी ठरली.

आपल्याकडे गुजरातेत धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा जो प्रकल्प उभा राहतोय, त्यातली सगळ्यात प्रगत प्रक्रिया २८ नॅनोमीटरचीच आहे. जुनं तंत्र म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास जरूर आठवावा. सपाट ट्रान्झिस्टर आणि दुहेरी छपाईशिवाय भागणारा खर्च, यांचा मेळ बसलेली ही जवळपास शेवटची पायरी. ती टिकली ती त्याच बळावर. धोलेरातही तारखा पुढेमागे होतील. अशा वेळी किती उशीर झाला हे विचारताना, दर वेफरमागे किती चिपा चांगल्या निघताहेत हेही आपण विचारायला शिकलं पाहिजे. कारखाना उभा राहिला की नाही, हे त्या आकड्यावरूनच ठरतं.